सासूबाई आणि अर्धा इंच समास

माझ्या सासूबाईंनी तीस वर्षं एका कचेरीत टाइपरायटर बडवला. ओळ संपत आली की घंटी वाजायची, की दांडा सरकवून पुढची ओळ. हात असा बसला की निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवरही ओळ संपताच त्यांचं बोट आपसूक एंटरवर जायचं. ओळ यंत्र स्वतःच वळवतं, हे त्यांना मान्यच नव्हतं. आपलं काम दुसऱ्यावर सोपवतील तर त्या सासूबाई कसल्या!

माझा प्रबंध टाइप करण्याचा हट्टही त्यांचाच. दोनशे बारा पानं, एका अक्षराची चूक नाही. प्रबंध जमा करायला गेले, तो वाढवून मिळालेल्या मुदतीचा शेवटचा दिवस. सकाळी विद्यापीठातल्या कारकुनाने पानावर पट्टी ठेवली आणि गठ्ठा परत केला. बांधणीसाठी डावा समास दीड इंच हवा, आमचा एकच होता. उजवीकडे अर्धा इंच असला तरी चालेल, म्हणाला. खिडकी दोनला बंद होणार होती. त्यानंतर माझी सात वर्षं गेल्यातच जमा.

घरी येऊन मी डावा समास वाढवला, तर प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तुटून खाली एकटा जाऊन पडला. ओळीओळीला सासूबाईंचं एंटर. अशी हजारो. माझं डोकंच फिरलं.

"आई, तुमच्या हौसेपायी माझी डिग्री गेली," मी म्हणाले.

सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि पडद्यावरच्या तुटक्या ओळी एकेक करून तपासू लागल्या.

"ओळीची लांबी बदलूच नकोस," त्या शेवटी म्हणाल्या. "आम्ही अख्खा कागद सरकवायचो. डावीकडे अर्धा इंच वाढवलास ना, मग उजवीकडचा तेवढाच कमी कर."

मी केला. तुटलेले शब्द आपापल्या ओळीत परत गेले, सगळ्या पानांवर. मला हसावं की रडावं कळेना.

छपाई करून आम्ही दोघी धावतपळत पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. कारकुनाने पुन्हा पट्टी लावली, मान डोलावली, शिक्का मारला. बाहेर बाकावर टेकल्यावर मी सासूबाईंचा हात धरला आणि सकाळच्या बोलण्याची माफी मागितली.

"कधी बोललीस?" त्या म्हणाल्या. "मी तर काही ऐकलं नाही."