पातं थांबवणाऱ्या सुमनताई

अहमदपूरच्या स्टँडवर मी लातूरच्या बसची वाट पाहत होते, तेव्हा कारखान्यातून फोन आला. "सुमनताई गेल्या... सकाळीच. झटका आला." माझ्या कानात मात्र त्यांचं आदल्या दिवशीचं बोलणं होतं, "बहिणीचं लग्न झालं की लगेच ये गं, गणवेशाचे तागे येऊन पडलेत."

लातूरच्या त्या छोट्या कारखान्यात आम्ही शाळेचे गणवेश करायचो. सुमनताई मूळच्या हदगावकडच्या, कापूस वेचत वाढलेल्या. कारखान्यात सुरुवातीला त्या शिवलेल्या कपड्यांचे धागे कापायला होत्या. कटिंग मशीन बाईनं धरायचं नाही, हे कुणी न सांगताच ठरलेलं. उभं पातं, खाली कापडाचे साठ-सत्तर थर. हात जरा हलला की तेवढे शर्ट वाया. एकदा कटिंग मास्तर न सांगता काम सोडून गेला, तेव्हा त्या मालकांपुढे उभ्या राहिल्या. "मी कापते. सहा वर्षं त्याचा हात बघून राहिले." मालक हसले, पण दुसरं कोण होतं? ताईंनी बाह्या कापल्या आणि सगळ्यात वरची बाही सगळ्यात खालच्या बाहीवर ठेवून दाखवली. सूतभर फरक नव्हता.

पुढे त्यांनी मलाही मशीन शिकवलं. बोटं वाचवायला स्टीलच्या जाळीचा हातमोजा लागतो. आमच्याकडे एकच होता, तोही फाटका. एका दुपारी पातं त्या फाटक्या जागेतून आत गेलं आणि ताईंच्या डाव्या तर्जनीचं पेर गेलं. महिन्याभरानं त्या परत आल्या. कापड अंथरलं, खडूनं रेघा मारल्या, पण बटण दाबलं नाही.

"मालक, दोघींना दोन नवे मोजे आणा. मग मशीन चालू."

"सुमनबाई, शाळा उघडायला आठ दिवस राहिलेत!"

"मग आजच सोलापूरला माणूस धाडा."

दोन दिवस पातं बंद. शिलाईच्या बायका रिकाम्या बसलेल्या, मालक येरझाऱ्या घालणारे. मी घाबरून म्हटलं, "ताई, काढून टाकतील तुम्हाला."

"काढू दे की. माझं बोट गेलं ते गेलं, तुझं जाऊ देणार न्हाई."

तिसऱ्या दिवशी मोजे आले. ताईंनी आधी एक माझ्या हातात घालून पाहिला, मग स्वतःचा घातला. त्या रविवारीसुद्धा आम्ही कापत होतो. गणवेश वेळेवर गेले.

त्यांना जाऊन आता महिना होईल. टेबलाशी मी उभी राहते. ताई बुटक्या, म्हणून त्यांनी पायाखाली एक लाकडी फळी टाकली होती. मधोमध झिजून तिला खळगे पडलेत. मी उंच, मला ती अडचणच. परवा मालक म्हणाले, "काढून टाकू का ही?"

"राहू द्या," मी म्हटलं. "पुढच्या बाईला लागंल."