प्रसूतिगृहाची चावी

मुलुंडला आमच्या गल्लीत पाणी सोडायला येणाऱ्या चावीवाल्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. खाकी अर्धी चड्डी आणि खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी. रस्त्यातलं झाकण उचलून ती फिरवायचा आणि दांड्याला कान लावून पाणी धावतंय का ते ऐकायचा, डॉक्टर छाती तपासतो तसा.

एका उन्हाळ्यात मी वैतागून विचारलं, "सगळीकडे एकदम का नाही रे सोडत?"

"मास्तर, एकदम सोडलं तर कोणाच्याच नळाला जोर राहणार नाही. म्हणून पाळीपाळीने. प्रसूतिगृहाची चावी तेवढी मी कधी बंद करत नाही."

दुसऱ्या दिवशी वर्गात रक्ताभिसरण शिकवताना मी तेच उदाहरण दिलं. आपण पळताना रक्त पायांकडे जास्त जातं, जेवल्यावर पोटाकडे. मेंदूचं मात्र शरीर कधी तोडत नाही. पोरांना झटकन कळलं.

खुशीत मी त्याला हे सांगितलं आणि विचारलं, "तुझ्या घरी कधी येतं पाणी?"

"आम्ही टेकडीवर. उरलं तर चढतं," तो हसला.

कडक थंडीत हृदय आणि मेंदू जपायला शरीर आधी बोटांचं रक्त कमी करतं. तो धडा आला की मला लोखंड धरून घट्टे पडलेली त्याची बोटं आठवतात.