फादर म्हणा, डॉक्टर म्हणा

आमचे सर प्रार्थनेआधी जांभई द्यायचे. चांगली मोठी, आवाज करून. ठाण्याच्या आमच्या धर्मशास्त्र महाविद्यालयात पदव्युत्तर वर्ग संध्याकाळी भरत, आणि सर तोवर कल्याणच्या एका कॉलेजात दिवसभर मानसशास्त्र शिकवून आलेले असत. नव्या विद्यार्थ्याच्या कपाळावर आठी दिसली की म्हणत, "देवाला ठाऊक आहे मी दमलोय. त्याच्यापासून काय लपवायचं?"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मानसशास्त्र आणि ख्रिस्ती धर्मशास्त्र यांची सांगड घालणारा पेपर सरांनी हट्टाने सुरू करून घेतला होता, आणि दर वर्षी तो बंद पडता पडता वाचायचा. कल्याणच्या स्टाफरूममध्ये त्यांना, बायकामुलं असलेल्या माणसाला, 'फादर' म्हणत. आमच्याकडचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, 'डॉक्टर' म्हणत. आदर दोन्हीकडे बेताचाच. सर दोन्ही हाकांना ओ देत.

शिकवण्यापेक्षा ते आम्हाला दुःखातल्या माणसांकडे जास्त पाठवत. प्रकाश नावाचा आमचा हुशार वर्गमित्र एकदा दिवा स्टेशनजवळच्या एका गृहस्थांना भेटून आला. या गृहस्थांनी रागाच्या भरात आईशी बोलणं टाकलं होतं. अबोल्यातच ती गेली, आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. प्रकाश खुशीत सांगू लागला, "सर, मी त्यांना म्हटलं, तुमचा काहीच दोष नाही, ही नुसती अपराधभावना आहे."

सरांनी कपाळावर हात मारला. "अरे, तो चुकलाय आणि त्याला ते कळलंय. त्याला क्षमा हवी होती. तू त्याची चूकच काढून घेतलीस, आता तो क्षमा मागणार कशाची?" दुसऱ्या दिवशी ते स्वतः दिव्याला गेले.

पुढे शहाडची एक बाई मूल दगावल्यावर जेवेनाशी झाली. तिच्या पाळकांनी तिला पापाची कबुली द्यायला सांगितलं. सर त्यांच्यावर कडाडले, "कबुली द्यायला तिच्याकडे आहे काय?" सरांनी तिच्यासाठी प्रार्थना केली आणि तिला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडेही नेलं. हळूहळू ती दोन घास खाऊ लागली. पाळकांनी मात्र आमच्या महाविद्यालयाच्या कमिटीकडे तक्रार केली, की हे गृहस्थ पाप मानतच नाहीत. कमिटीने सरांना बोलावलं, आणि पेपर बंद झाला.

शेवटच्या तासाला आम्ही तावातावाने कमिटीचा उद्धार करत होतो. सर म्हणाले, "थांबा. त्यांनी मला बाजू मांडायला सांगितली होती. मी गप्प बसलो. पेपर बंद म्हटल्यावर सुटल्यासारखं वाटलं मला. उद्या अशीच दुसरी बाई आली, तर तिलाही कबुलीच द्यायला लावतील. भांडायला हवं होतं मी."

सर आमच्याकडे बघत राहिले. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. तुमचं वय, तुमची दगदग, कुणीही थकलं असतं, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. फार जीव होता माझा त्या माणसावर. तरी मी म्हटलं, "हो सर. भांडायला हवं होतं तुम्ही."

सरांचे डोळे भरून आले. "हं," ते म्हणाले, "आता प्रार्थना कर गं माझ्यासाठी."

मी केली. त्यांची चूक चूक म्हणूनच देवापुढे ठेवली आणि क्षमा मागितली. सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणाले ते सरच.