खाणीतला आंधळा राक्षस

लाइल ग्रुंडमन फासा डाव्या हाताने टाकायचा. टाकण्याआधी तो मुठीत गरम करायचा, अंड्यासारखा. चष्मा शर्टाच्या आतल्या बाजूने पुसायचा. चीजचे ताजे गोळे चावताना रबरासारखे करकरतात; तसे करकरले नाहीत, तर शिळे म्हणून पिशवी बाजूला सारायचा. खेळात कुणाचं पात्र मेलं की जागेवरून उठून त्या माणसाशी हात मिळवायचा. फासा टेबलावरून घरंगळून खाली पडला की सगळ्यांच्या आधी ओरडायचा, "जमिनीवरचा धरायचा नाही!" राक्षसाचं नाव मात्र कधी सांगायचा नाही. राक्षस होऊन दाखवायचा.

तो शाळेची बस चालवायचा. शिशाच्या जुन्या खाणींवर वसलेलं आमचं विस्कॉन्सिनमधलं गाव, हिवाळ्यात चार महिने बर्फाखाली. दर रविवारी दुपारी कॉर्बिनच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही चौघं जमायचो: लाइल, कॉर्बिन, आर्डिस आणि मी. टेबलावर नकाशा आणि फासे ठेवून, गोष्ट बोलत बोलत पुढे न्यायचा तो खेळ; आम्ही एकेक पात्र घेऊन खेळायचो. उरलेलं सगळं जग लाइल: वारा, दरवाजे, सराईवाला, राक्षस. तो सूत्रधार. त्याच्यासमोर पुठ्ठ्याचा बुटका आडोसा असायचा आणि त्यामागे त्याचे फासे.

मी साहित्यात पदवी घेऊन गावात परत आले, तेव्हा त्यानेच मला खेळायला बोलावलं होतं.

"ए कॉलेजवाले, तुमच्या कादंबऱ्यांत राक्षस खातात काय?"

"माणसं."

"रोज? कंटाळत नाहीत?"

नियमांच्या पुस्तकातला राक्षस तो जसाच्या तसा कधी आणायचा नाही. राक्षस मरायला येत नाही, जेवायला येतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याचे राक्षस जखमी झाले की पळायचे, पिल्लांपाशी बसून राहायचे, कधी आमच्याकडे बघून कंटाळून निघून जायचे. राक्षस कसा हलेल हे ठरवायला तो दलदलीच्या काठी थर्मास घेऊन बसायचा. कासवं बघायचा. कुणाच्या गोठ्यात लंगडी गाय असली तर तीही.

"काल तुझा राक्षस अगदी माझ्या मेव्हण्यासारखा चालत होता," आर्डिस एकदा म्हणाली.

"त्याच्यावरूनच घेतलाय. त्याला सांगू नकोस, पैसे मागेल."

आर्डिस गावातल्या निम्म्या लोकांचे केस कापते. तिचं पात्र डाग्ना, कुऱ्हाड बाळगणारी एक बुटकी, तिरसट बाई. मी शाळेत जाऊ लागले त्याच्याही आधीपासून डाग्ना जिवंत आहे. इतकी वर्षं कुणाचंच पात्र टिकत नाही. लाइलने तिला मारायचा प्रयत्न केला नाही असं नाही. फाशांनी त्याला साथ दिली नाही.

जानेवारीतला तो रविवार. बाहेर बर्फ पडत होता. कॉर्बिनने बिअर-कांद्यात सॉसेज शिजायला ठेवले होते. लाइल आला, टोपी झटकली आणि म्हणाला, "आज जेवून घ्या आधी. नंतर तोंड उघडायला मिळणार नाही."

आम्ही एका पडक्या खाणीत उतरलो. खेळातल्या. तळाशी राहतो तो आंधळा आहे, लाइलने सांगितलं. फक्त ऐकतो. तो आला की टेबलावर जो आवाज होईल तो त्याला ऐकू येईल. जो बोलेल त्याच्यावर तो झडप घालेल. खुणा करा, चिठ्ठ्या लिहा, काहीही करा.

"शिंक आली तर?" कॉर्बिनने विचारलं.

"तर तुझ्या पात्राची आई रडेल."

मग त्याने बोट ओठांवर ठेवलं आणि उठून उभा राहिला.

आधी मान आली. मान कलती करून तो ऐकू लागला. डोळे उघडे, पण कुठेच न बघणारे. मग डावा खांदा खाली गेला. मग डावा हात लोंबू लागला, ओल्या फडक्यासारखा. तोंडाची डावी कड हळूहळू उतरली. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ हनुवटीवर आली आणि त्याने ती पुसली नाही.

कॉर्बिनने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. आर्डिस दोन्ही हातांनी तोंड दाबून हसू आवरत होती. लाइल काहीतरी बोलला. शब्द नव्हता तो, चिखलातून पाय ओढल्यासारखा आवाज होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं. काय सुंदर, असं मला वाटलं. हाच शब्द मनात आला. तो मला आता विसरता येत नाही.

आम्ही खेळत राहिलो. मी चिठ्ठी लिहिली: दगड लांब फेकू, तो तिकडे जाईल. कॉर्बिनने लिहिलं: आधी दोर. चिठ्ठ्या लाइलसमोर ठेवल्या. तो बसला. धपकन बसला. बराच वेळ चिठ्ठ्यांकडे बघत होता. खोलीत फक्त सॉसेजच्या भांड्याचं झाकण वाजत होतं.

मग त्याने उजव्या हाताने फासा घेतला. तो बोटांतून निसटला, टेबलाच्या कडेला आपटला आणि खाली पडला.

कुणीच ओरडलं नाही. आम्ही ओरडू शकत नव्हतो. पण त्यानेही मान वळवली नाही. फासा कुठे गेला हे त्याने बघितलंच नाही. लाइलने टाकलेला फासा, आणि लाइल बघत नाही.

आर्डिसची खुर्ची करकरली. ती उभी राहिली होती.

"लाइल," ती मोठ्याने म्हणाली. "दोन्ही हात वर कर."

कॉर्बिनने घाबरून ओठांवर बोट ठेवलं आणि नकाशावरच्या डाग्नाच्या छोट्या बाहुलीकडे दाखवलं. मरेल ना ती!

"मरू दे तिला! लाइल, इकडे बघ. हात!"

लाइलने उजवा हात वर केला. आज्ञाधारकपणे, वर्गातल्या पोरासारखा. डावा मांडीवर पडून राहिला.

"दुसरा."

"के-लाय," तो म्हणाला. केलाय. त्याला खरंच वाटत होतं की दोन्ही हात वर आहेत.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. रुग्णवाहिका घाटरस्त्यावर बर्फात अडकली होती. आर्डिसने त्याला कुशीवर निजवलं, डोक्याखाली स्वतःचा कोट घातला आणि सारखी बोलत राहिली. "झोपायचं नाही हां. उद्या बस कोण काढणार? पोरं उभी राहतील थंडीत."

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर बाई बाहेर आली. मेंदूतल्या शिरेत गुठळी अडकली होती. औषध होतं, पण ते ठरावीक वेळेच्या आतच देता येतं. नंतर दिलं तर रक्तस्राव होऊन उलटंच व्हायचं.

"कधी सुरू झालं?" तिने विचारलं. "तो धडधाकट असा शेवटचा कधी दिसला?"

आम्ही तिघंही तिथेच बसलो होतो. त्याच्या समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ.

"खाली बसला तेव्हा," कॉर्बिन म्हणाला.

"नाही. लाळ आली तेव्हा," आर्डिस म्हणाली.

"तेव्हा तो राक्षस झाला होता," मी म्हणाले.

"म्हणजे?" डॉक्टरने विचारलं. मी तिला समजावून सांगू लागले. की तो राक्षस करतो. की आम्ही गप्प बसायचं होतं. की मान कलली तेव्हा तो लाइल होता, हे नक्की. खांदा पडला तेव्हाही बहुतेक. हात लोंबला तेव्हा... तिथे मी थांबले. आम्ही तिघांनी परत परत तीच काही मिनिटं उलगडली आणि तो नेमका कुठे गेला ते आम्हाला सापडेना.

"त्याला स्वतःला कळलं नसतं का?" आर्डिसने विचारलं.

"असल्या झटक्यात अनेकदा कळत नाही," डॉक्टर म्हणाली. "अर्धी बाजू गेली तरी माणसाला सगळं ठीक वाटतं."

म्हणजे तोही खेळत होता.

टोपी झटकली तेव्हा तो नक्की बरा होता, एवढंच आम्ही शेवटी सांगू शकलो. तिथून धरलं तर वेळ टळून गेली होती. मेंदूला सूज चढत गेली. बुधवारी सकाळी लाइल वारला.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात हॅम-बटाट्याचं जेवण होतं. बसमधली पोरं ओळीने आली होती. तिथून आम्ही तिघं न ठरवता दुकानात गेलो. मागच्या खोलीतलं काहीच कॉर्बिनने हलवलं नव्हतं. आडोसा, नकाशा, आमच्या चिठ्ठ्या. भांडं मात्र घासून ठेवलं होतं.

आर्डिस आपल्या जागेवर बसली. कोट न काढता.

"मी बोलले," ती म्हणाली. "नियम आहे. डाग्नावर झडप."

"आर्डिस, सोड गं," कॉर्बिन म्हणाला. "कोण धरतंय?"

"लाइलने धरलं असतं. सोडलं असतं का त्याने मला? इतकी वर्षं टपलेला माणूस तो!" तिने माझ्याकडे बघितलं. "कॉलेजवाले, तू टाक फासा."

मी आडोशाच्या मागे गेले. त्याची खुर्ची तशीच मागे सरकलेली होती. मला बसता आलं नाही. कॉर्बिनलाही नाही. आर्डिस वाट बघत बसली, दोन्ही हात टेबलावर ठेवून.

डाग्ना नकाशावर उभी आहे. तिच्यापासून दोन चौकोनांवर आंधळा. तिचा आवाज त्याने ऐकलाय. त्याची चाल लाइलने करायची होती.