फ्लॅगस्टाफचा चढ

अ‍ॅरिझोनात, चँडलरच्या आमच्या गॅरेजमध्ये माझ्या नवऱ्याने आणि शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थांनी सुट्या भागांचं किट आणून एक स्पोर्ट्स कार जोडली होती. दिसायला देखणी, पण इंजिन एका जुन्या छोट्या गाडीचं. साध्या चढावरही धापा टाकायचं. म्हाताऱ्यांना तिच्यातून फ्लॅगस्टाफच्या डोंगरावर जायचं होतं. बायको होती तोवर ते दर उन्हाळ्यात तिथे जात.

नवं इंजिन परवडणारं नव्हतं. म्हणून आहे त्याचाच जोर वाढवायला दोघांनी भंगारातून आधी मोठा कार्ब्युरेटर आणून बसवला, मग मोकळा एक्झॉस्ट.

मी म्हणायचे, "हळूहळू का होईना, आता जाऊन या ना."

ते हसायचे. "घाई कसली? कॅमशाफ्ट तेवढा बदलू, मग तुलाही नेऊ."

कॅमशाफ्ट बसला त्याच आठवड्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मुलगी त्यांना ओहायोला घेऊन गेली.

पुढे त्या गाडीतून आम्ही दोघंच फ्लॅगस्टाफला निघालो. गाडी एका दमात वर चढली. पाइनच्या झाडांखाली नवऱ्याने इंजिन बंद केलं, पण तो उतरला नाही.

"इंजिन होतं तसं ठेवूनही त्यांना घेऊन पोचलो असतो," तो म्हणाला. "थांबत थांबत, एवढंच."