बिजलीच्या डोक्यावरचे छप्पर

ऑक्टोबर १९४०. जालना, घोडदळाच्या पलटणीचा तबेला. सकाळी सहाला हजर: दफेदार सखाराम, राहणार जाफराबाद, सवार युसूफ, मी (लान्स दफेदार) आणि कौले घडवणाऱ्या लक्ष्मीमावशी कुंभारीण. खाली ठाणावर बिजली घोडी, दिवस भरलेली.

तिच्या डोक्यावर छप्पर गळत होते. घोड्यांच्या डॉक्टरांनी बजावले होते, तिला हलवू नका. जुनी कौले उतरवली तर घोडी उघड्यावर पडणार. म्हणून ऑर्डर आली: जुन्यांवरच नवी बसवा. जादा वजनासाठी आदल्या दिवशी आम्ही सागाचे टेकू दिले होते.

दफेदारांनी सुतळी ताणली. "पहिली रँक वर! दहिने सज!" आढ्यापासून खाली रांगा लागल्या. परेडसारख्या सरळ.

अकराला मावशींनी मान वर केली.

"दफेदार, हे काय करून राह्यले? पाणी तुम्हाला सलाम ठोकून बाजूनं जाईल का?"

"लाइन बराबर हाय, मावशी."

"लाइन बराबर, छप्पर उलटं! वरच्या कौलाचं बूड खालच्यावर पाहिजे. वळचणीपासून सुरू करा."

दफेदार लाल झाले. मग स्वतःच हसले. "स्क्वॉड, पीछे मुड!" सगळ्या रांगा काढल्या.

तीनला उत्तरेकडून ढग आले.

"युसूफ, जल्दी!"

"साब, मैं सवार हूँ, बंदर नै."

"आज दोन्ही हो."

घाईत युसूफच्या पायाखाली एक कौल फुटले. ते आढ्यावर लावायचे शेवटचे होते, दुसरे शिल्लक नव्हते. पाचला पाऊस आला. आम्ही खाली धावलो आणि माना वर करून उभे राहिलो. एक थेंब नाही. उघड्या राहिलेल्या जागेखाली जुने कौल शाबूत होते, त्यानेच पाणी पेलले. पाच चाळीसला शिंगरू झाले, कोरड्या गवतावर. शिंगरू मादी होते, दफेदारांनी तिचे नाव कोरडी ठेवले. मावशींनी गूळ वाटला.

बाजाराच्या दिवशी मावशींनी बदली कौल आणले. दफेदार म्हणाले, "उलटं मीच लावलं, शेवटचं बी मीच लावीन. कुनी हात लावायचा न्हाई." मग रोज टाळायचे. "गळत न्हाई, मंग घाई कशाची?"

पुढच्या वर्षी ते समुद्रापार लढाईवर गेले. जाताना म्हणाले, "आल्यावर लावतो." ते परत आले नाहीत.

१९४८ साली मी नोकरीतून सुटलो. कौल माझ्या ट्रंकेत आले. त्या छपराच्या कामांची जुनी यादीही तिथेच आहे. तिच्यात सगळ्या ओळींवर काट आहे, एक सोडून: आढ्याचे कौल, एक नग, दफेदार सखाराम, लावणे बाकी.