ओट्याला लागणारी दमणी

लालमियाँ सुतारानं आमच्या दमणीसाठी पहिलं माप घेतलं ते माझं. बैलांचं नाही, वाटेचं नाही, आणि गाडी करवून घेणाऱ्या माझ्या दादाचं तर नाहीच.

दमणी म्हणजे माणसांनी बसून जायची हलकी बैलगाडी. तिच्यात पोती भरायची नाहीत, शेणखत वाहायचं नाही. वर टप, आत गादी, जत्रेला जायचं, लग्नाला जायचं, अशी हौसेची गाडी. चौऱ्याहत्तर साली तातेरावदादानं ती करायला घातली ती माझ्यासाठी. तिसऱ्या वर्षी तापात माझे पाय गेले. दादा मला पाठुंगळी घेऊन कुठंही न्यायला तयार असायचा. त्याची कधी कुरकुर नव्हती. पण बाई वीस वर्षांची झाल्यावर भावाच्या पाठीवर बसून भर गावातून जाताना तिच्या जिवाला काय होतं, ते तिलाच ठाऊक. म्हणून मी जाणंच सोडलं. कोणी विचारलं तर सांगायची, "मला आवडत न्हाई गर्दी." साफ खोटं. पिंपळगावची रेणुकाई आमच्यापासून दोन कोसांवर, आणि नऊ वर्षांत मी तिची जत्रा पाहिली नव्हती.

लालमियाँ शेजारच्या गावचा. किडकिडीत अंगाचा, कानावर पेन्सिल, आणि लाकडाच्या बाबतीत नाकावर राग. आला तो सरळ ओट्यापाशी आला आणि मला म्हणाला, "बेटा, हातावर भार देऊन जरा सरकून दाखव."

मी रागानंच सरकून दाखवलं. त्यानं ओट्याची उंची दोरीनं मोजली, माझ्या हातांची लांबी मोजली, दोरीला गाठी मारल्या आणि दादाला म्हणाला, "बैलाचं माप मागून घेऊ. गाडी ओट्याला बराबर लागली पायजे. कौसाबाई आपल्या हातानं चढंल, आपल्या हातानं उतरंल. कुनी उचलायचं काम न्हाई."

त्या रात्री मला झोप आली नाही. इतक्या वर्षांत मला उचलायला खूप हात पुढं आले होते, पण उचलावं लागू नये हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

चार महिने लावले त्यानं. दोन वर्षं सुकलेली बाभूळ घेतली. चाकाचा एक आरा तासून, घासून तयार झाला आणि मग त्यात गाठ दिसली, तर उचलून चुलीकडं फेकला. दादा म्हणाला, "चाचा, चालला असता की." तर म्हणे, "तुमाला चालला असता, चाकाला न्हाई." शेवटी गोवऱ्या पेटवून लोखंडी धाव लाल केली, चाकावर चढवली आणि वरून पाणी ओतलं. लोखंड आवळलं तसं लाकूड करकरलं. "आता पकडलं," एवढंच बोलून त्यानं बिडी पेटवली.

त्या साली मी जत्रेला गेले. ओट्यावरून सरकले ती थेट गादीवर. पुष्पावहिनीनं सवयीनं हात पुढं केला होता, तो तिनं मागं घेतला आणि पदर डोळ्याला लावला.

आणि मग आम्ही घोळ घातला.

दमणी पहिल्यांदा जुंपली ती देवीच्या वाटेला, तेव्हा ती देवीची झाली, असं दादाच्या मनानं घेतलं. देवीची गाडी बाजाराला कशी न्यायची? लग्नाला तरी कशी? गोठ्याशेजारी तिच्यासाठी छप्पर घातलं, वरून ताडपत्री. दर शुक्रवारी चाकांना हळदकुंकू आणि उदबत्ती. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. देवीची गाडी घरात होती आणि मी पुन्हा ओट्यावर, लिंबाची पानं मोजत.

वर्षानं जत्रा आली. दादानं हार घालून दमणी जुंपली. कोसभरही गेलो नसू, तोच डावं चाक कुरकुरायला लागलं. कोरड्या नाल्यात उतरताना धाव सुटली, आरे खुळखुळले आणि दमणी कलंडली. मी टपाच्या काठीला धरून कशीबशी राहिले. दादानं बैल सोडले आणि पाठ माझ्याकडं करून खाली बसला. "चल कौसा. घरी जाऊ."

त्या पाठीकडं बघून मला रडू फुटलं. संपली म्हटलं आपली जत्रा, ह्या वर्षीची आणि पुढचीही.

तेवढ्यात मागून लालमियाँ आला. जत्रेत पोळपाट-लाटणी विकायला दरसाल तो जायचाच. मी त्याच्यावर आगपाखड केली. "हेच का तुमचं काम, चाचा? वर्षात मोडली! दोन साल सुकलेली बाभूळ म्हनं!"

तो चिडला नाही. चाकापाशी उकिडवा बसला, एकेका आऱ्याला बोटानं टिचकी मारत गेला. मग विचारलं, "वर्षभर कुठं कुठं गेल्ती गाडी?"

"कुठंच न्हाई," दादा म्हणाला. "देवीची हाय ती."

"वंगण?"

वंगण कुणी घातलंच नव्हतं. हळदकुंकवाचे थर मात्र चाकाच्या मधल्या तुंब्यावर बोटभर जाडीचे होते.

"दादा, तुमच्या देवीचं मला काय ठावं न्हाई," लालमियाँ म्हणाला, "पन लाकडाचं ठावं हाय. चालली तर गाडी, उभी ऱ्हायली तर सरपन."

त्यानं नाल्याकाठची बाभळीची फांदी तोडली, पाचरी काढल्या, धाव ठोकून बसवली आणि फटींत पाचरी मारल्या. मग आमची प्यायची घागर उचलली आणि सगळं पाणी चाकाला पाजलं, आटलेलं लाकूड फुगावं म्हणून. दुपार कलताना आम्ही पिंपळगावला पोचलो, तहानलेले, पण पोचलो. जत्रेत तो मला म्हणाला, "चाक मी पुन्हा बांधून देतो. शर्त हाय. दर बाजारला दमणी जुंपायची. वंगण तू घालायचं, आवाज तू ऐकायचा. एक बाजार चुकला तर मला बोलवू नका."

दादाचं तोंड उतरलं. देवीचं काय? तिथं बरोबर आलेली वहिनी बोलली. ती एरवी चार माणसांत तोंड उघडत नसे. "देवीची गाडी हाय ना? मंग देवीच्या लेकीला बसू द्या की तिच्यात."

तेव्हापासून दर आठवड्याच्या बाजाराला दमणी निघाली. वंगण घालायचं काम माझ्यासाठीच केल्यासारखं होतं: जमिनीवर बसलं की चाकाचा तुंबा बरोबर तोंडासमोर येतो. दादा टेकू द्यायचा, चाक ओढायचा. मी जुनं वंगण खरवडायची, एरंडेल आणि काजळी कालवून नवं घालायची. हात कोपरापर्यंत काळे. चाकाचा आवाज ऐकून कुठला आरा सैल आहे ते सांगता यायला लागलं. बाजारात मी माझ्या बांगड्या स्वतः भरल्या, जन्मात पहिल्यांदा लुगड्याचा रंग स्वतः निवडला आणि दुकानदाराशी कडाकडा भांडले. लोक आधी माझ्या पायांकडं बघायचे. मग चाकांकडं बघायला लागले. "कौसाबाई, आमची गाडी का कुरकुरती, बघता का?" असं विचारायला माणसं दमणीपाशी यायची.

चार वर्षं गेली. दर उन्हाळ्यात लालमियाँ चाकं बघायला यायचा, तो एकोणऐंशीला आला नाही, म्हणून दादानं भुजंग सुताराला चाकं दाखवली. भुजंगनं चाकं वाजवली, तुंबा पाहिला आणि विचारलं, "दर आठवड्याला जुंपता? कशापायी? असल्या चाकाला म्हयन्याला एक फेरा लय झाला."

"लालमियाँनं सांगितलं होतं," दादा म्हणाला.

"ज्यानं हे चाक केलं त्याला हे म्हाईत नसंल व्हय?" भुजंग म्हणाला.

दादा माझ्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, "बैल जुंप."

लालमियाँच्या घरी मी कधी गेले नव्हते. त्याचं घर बाजाराच्या वाटेवर नव्हतं, आणि परक्या दारात उतरायचं म्हणजे पुन्हा दादाची पाठ आलीच. दमणी त्याच्या दाराशी थांबली आणि मी पाहिलं तर ओटा गाडीच्या तळाशी बरोबर लागला होता. बोटभरही वर नाही, खाली नाही. मी सरकले आणि ओट्यावर आले.

रजियाचाची बाहेर आली. "गाडी झाली त्याच साली ओटा उंच केला ह्यांनी," ती म्हणाली. "म्हनले, कौसाबाई आली तर कुनाच्या हाताकडं बघायची पाळी नको यायला."

आणि मी पाच वर्षांनी येत होते. लाज वाटली मला, खूप वाटली.

लालमियाँ ओट्याच्या दुसऱ्या कडेला पोत्यावर बसला होता. विहिरीपाशी पडून खुबा मोडला होता. तीन महिने तो त्या ओट्यापलीकडं गेला नव्हता. मुलगा जालन्याला कामाला, उचलायला कोणी नाही. आणि असतं तरी, चाची म्हणाली, उचलू देत नाहीत कोणाला.

"चाचा," मी म्हटलं, "चाकाला म्हयन्याला एक फेरा पुरे होता म्हनं."

"चाकाला पुरे होता," तो म्हणाला आणि बिडी शोधू लागला.

त्याचे पाय धरावेत असं वाटलं, पण त्यानं धरू दिले नसते. मी सरकत दमणीत गेले आणि गादीवर अर्धी जागा केली.

"आज बाजार हाय, चाचा. चला."

त्यानं ओट्याकडं पाहिलं, दमणीकडं पाहिलं. दादा पुढं व्हायला लागला, तर मी त्याला हातानं थांबवलं. लालमियाँनं दोन्ही तळहात ओट्यावर टेकले, भार दिला आणि कोणाचाही हात न लागता सरकत माझ्या शेजारी येऊन बसला.